जवळ येईल त्याचं

पट्टा आधी जिभेने ओला करायचा.
बाटलीतलं पाणी गाडीतून उतरेपर्यंत खडा झालेलं असतं,
उणे अठरात थुंकीच बरी.
चव रबराची, आणि परवाच्या घामाची.
मग लोकरीखाली, बरोबर तिथे
जिथे डॉक्टर आपली थंडगार नळी टेकवतो.
अंगभर शिरशिरी. मनगटावर आकडा: एकसष्ट.
चला, आहे मी.

पट्टा यालमारीचा. घर सोडताना
त्याने स्की नेल्या, कॉफीची किटली नेली,
हा शेडमधल्या खिळ्यावर राहिला.
सेल बदलला की चालतो.

भाची हेल्का म्हणते, एकशे अठ्ठावीसच्या वर जायचं नाही, मावशी,
तीन महिने. पाया पक्का होऊ दे.
मार्चमध्ये साठ किलोमीटर आहेत.
मी तीस वर्षं या गावात टपाल वाटलं,
कुणाच्या दारात जीव शांत ठेवून
उभी राहिले नाही कधी.
हळू जायला इतके कष्ट पडतात
हे छप्पन्नाव्या वर्षी कळतंय.

चढ आला की घड्याळ कोकलतं.
मी थांबते, काठ्यांवर रेलते,
गोठ्यातल्या गायीसारखी वाफ सोडत.
शाळेची पोरं सरसर पुढे जातात,
वळून बघतात. त्यांना वाटतं, म्हातारी दमली.
म्हातारी दमलेली नाही रे,
म्हातारी हिशेबात आहे.

नदीच्या वळणावर यालमारीचं नवं घर.
तिथे चढ नाही, तरी
आकडा चारने वाढतो.
हेल्काला दाखवायच्या वहीत मी लिहिते: वारा.

गुरुवारी दुपारी तीनलाच दिवे लागले होते.
मोठा चढ. एकशे सव्वीस, सत्तावीस,
आता कोकलणार म्हणून दात आवळले
आणि आकडा धाडकन खाली: चौऱ्याण्णव.
चढावर, चौऱ्याण्णव!
माझा पाया पक्का झाला, की मी मेले?
मी श्वास धरून तशीच उभी.
शेजारच्या खाचेत एक म्हातारा उभा,
कानटोपीतून फक्त नाक आणि दवबिंदू,
आपल्या मनगटाकडे बघत,
पांढराफटक.

"एकशे सत्तावीस," तो म्हणाला, मला नव्हे, झाडांना.
"डॉक्टरने एकशे दहाची रेघ मारून दिलीय.
म्हटलं, आटोपलं.
निदान पाइनखाली तरी आटोपलं."

मी त्याच्या घड्याळाकडे पाहिलं, त्याने माझ्या.
तोच जुना काळा डबा, तोच ओरखडलेला काच.
मी एक पाऊल बाजूला झाले.
दोन्हीकडे क्षणभर नुसत्या रेघा,
मग ज्याचं त्याला परत.
मग तो एक पाऊल जवळ आला, मुद्दाम,
आणि आम्ही इतके हसलो
की कुणाचं किती वाढलं
दोघांनाही सांगता येईना.

त्याचं नाव आउलिस. वय एक्याऐंशी,
छातीत दोन जाळ्या.
जुन्या यंत्रांना नाव-गाव कळत नाही, तो म्हणाला,
जवळ येईल त्याचं मोजतात.
पुढचा सगळा सपाट टप्पा
आम्ही खाचेला खाच लावून गेलो,
त्याच्या वेगाने, म्हणजे जवळजवळ उभेच.
माझ्या मनगटावर कधी मी, कधी तो.
नदीचं वळण केव्हा मागे पडलं
माझ्या लक्षातच आलं नाही.

घरी येऊन वही उघडली.
अंतर: अकरा किलोमीटर.
वारा: नाही.
सरासरी एकशे तीन.
यात थोडं आउलिसचं आहे.
ते वजा कसं करायचं
हे हेल्काने सांगितलेलं नाही,
आणि मी विचारलेलं नाही.